सॅकबाहेर राहणारा कॅमेरा

घाटमाथ्याच्या कड्यावर भर आषाढात उभे राहिले की पाऊस वरून पडतो या समजुतीला फारसा अर्थ उरत नाही. नैऋत्येचा वारा कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो, भिंतीला लागून वर चढतो आणि येताना खालचे पाणी उचलून आणतो. नाणेघाटात दरीत कोसळू पाहणारा धबधबा हाच वारा उलटा माथ्यावर फेकतो आणि ते पाहायला दर पावसाळ्यात माणसांची रीघ लागते. ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याच्यासाठी मात्र त्या दृश्यात एक तांत्रिक सूचनाही असते. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ‘आयपी ५३’ असा धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचा क्रमांक लिहिलेला असेल, तर त्यातल्या ३ या आकड्याचा अर्थ इतकाच की उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंतच्या कोनातून येणारा फवारा तो कॅमेरा सोसू शकतो. वाऱ्याने आडवा झालेला पाऊस ९० अंशांतून येतो, आणि खालून वर येणारा पाऊस तर त्या चाचणीच्या हिशेबातच नसतो.

ट्रेकसाठी कोणता लहान कॅमेरा घ्यावा, असे मला ओळखीपाळखीतले लोक नेहमी विचारतात. बोलणे बहुधा मेगापिक्सेलपासून सुरू होते, मग झूमकडे वळते आणि शेवटी किमतीवर येऊन थांबते. मला मात्र त्याआधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हा कॅमेरा सकाळी पायथ्याच्या गावातून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत सॅकच्या बाहेर राहू शकेल का? ज्याला पावसाची सर आली की झिपलॉकच्या पिशवीत घालून कपड्यांच्या मधोमध ठेवावे लागते, तो कॅमेरा चित्राच्या दर्जात कितीही सरस असो, सह्याद्रीच्या चार महिन्यांपुरता तो सामानाचाच एक भाग होतो. सॅक उतरवायची, रेनकव्हर काढायचे, पिशवी उघडायची, हात पुसायचे, आणि एवढे होईपर्यंत धुक्यात पडलेली खिडकी मिटलेली असते.

ही खिडकी किती अल्पकाळ टिकते, हे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी बसलेल्यांना चांगलेच ठाऊक असते. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो, आणि समोर कोकणच्या बाजूला दाट धुके भरलेले असेल तर त्या पडद्यावर आपलीच सावली पडून तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी वर्तुळ उमटते. या इंद्रवज्राचे वर्णन एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी करून ठेवले आहे. धुक्याचा थर जरा पातळ झाला, किंवा पाठीमागून एखादा ढग सूर्यावर आला, की सारे संपते. त्या वेळी कॅमेरा छातीपाशी असणे आणि तो एका हाताने सुरू होणे, यापुढे संवेदकाचा, म्हणजे आत चित्र टिपणाऱ्या सेन्सरचा, आकार, भिंगाचा दर्जा वगैरे बाकी सारे मुद्दे दुय्यम ठरतात.

छातीपाशी म्हणजे गळ्यात नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला बोटे रुतवण्यासाठी खोबण्या केलेल्या आहेत. ज्यांनी त्या कोरल्या त्यांनी चढणाऱ्याचे दोन्ही हात गृहीत धरले होते. तिथे आमच्याबरोबर असलेले वाटाडे मामा गळ्यात कॅमेरा लोंबणाऱ्या एका मुलीला म्हणाले होते, “ताई, आधी गळ्यातलं ते आत टाका, मग दगडाला हात लावा.” गळ्यातला कॅमेरा पुढे वाकताच लोलकासारखा झुलतो, कातळावर आपटतो आणि नेमक्या अडचणीच्या जागी छाती आणि खडक यांच्या मध्ये येतो. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर घट्ट बसवलेली, वरून झाकण असलेली छोटी पाउच हा माझ्या अनुभवात सर्वांत चांगला उपाय आहे. खिशात मावणारा कॅमेरा असे ज्याला म्हणतात, तो बायकांच्या ट्रेकपँटच्या उथळ खिशात बहुतेकदा मावत नाही, आणि मावलाच तर उंच पायरीवर गुडघा उचलताना मांडीत रुततो. म्हणून खिशाच्या मापावरून कॅमेरा निवडण्यापेक्षा पट्ट्याच्या रुंदीवरून निवडणे मला अधिक व्यवहार्य वाटते. एक दोरी पट्ट्याला आणि एक वेटोळे मनगटाला, अशी दुहेरी व्यवस्था असली की कॅमेरा हातातून निसटला तरी दरीत जात नाही.

डोंगरात लहान कॅमेरा नेण्याची ही ओढ जुनी आहे. १९२४ साली जॉर्ज मॅलरी एव्हरेस्टच्या अखेरच्या चढाईला निघाले तेव्हा त्यांच्याजवळ मोहिमेतले सहकारी हॉवर्ड सॉमरवेल यांच्याकडून घेतलेला कोडॅकचा ‘व्हेस्ट पॉकेट’ कॅमेरा होता. १९१२ पासून बनू लागलेले हे यंत्र घडी घालून जाकिटाच्या खिशात ठेवता येत असे. मॅलरी यांचा देह १९९९ मध्ये सापडला, पण तो कॅमेरा आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी यांनी शिखरावर तेनसिंग यांचे जे जगप्रसिद्ध छायाचित्र टिपले, तेही कोडॅकच्याच घडीच्या ‘रेटिना’ कॅमेऱ्याने. थंडीने गोठू नये म्हणून तो त्यांनी शर्टाच्या आत ठेवला होता, आणि शिखरावर पोहोचल्यावर तो लगेच बाहेर काढता आला. या दोन्ही प्रसंगांत कॅमेऱ्याची जागा अंगावर आहे, पाठीवरच्या ओझ्यात नाही.

आता निवडीकडे यायचे, तर लहान कॅमेऱ्यांचे मला ढोबळमानाने दोन स्वभाव दिसतात. एका बाजूला मोठा संवेदक लहान पेटीत बसवणारे कॅमेरे आहेत. रिकोचा २०१९ सालचा जीआर थ्री बॅटरी आणि कार्डासह २५७ ग्रॅम भरतो, आणि तेवढ्यात एपीएस-सी आकाराचा, म्हणजे अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांत असतो त्या मापाचा संवेदक देतो. सोनीच्या आरएक्स १०० मालिकेत एक इंची म्हणून ओळखला जाणारा संवेदक आहे. दुसऱ्या बाजूला पाणी, धूळ आणि आघात सोसणारे कॅमेरे आहेत. त्यांत उदाहरणादाखल घ्यायचा म्हणजे ऑलिंपसच्या परंपरेतला, आता ओएम सिस्टिम या नावाने मिळणारा टफ टीजी-७. त्याचे वजन २४९ ग्रॅम आहे. तो १५ मीटर खोल पाण्यात चालतो, २.१ मीटर उंचीवरून पडणे आणि १०० किलोचा दाब सोसतो, आणि उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत काम करतो, असे त्याचे निर्माते सांगतात.

वजन जवळजवळ सारखे असताना फरक कुठे पडतो? संवेदकाच्या क्षेत्रफळात. टीजी-७ चा संवेदक सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा आहे, एक इंची संवेदक १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा, आणि एपीएस-सी साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा. म्हणजे पहिल्यापेक्षा दुसरा चौपट आणि तिसरा तेरापट मोठा. लेण्याच्या अंधारात, पहाटेच्या निळसर प्रकाशात, किंवा गर्द झाडीतल्या वाटेवर हा फरक सरळ दिसतो. लहान संवेदकाच्या चित्रात सावल्यांमध्ये रवाळपणा येतो आणि पानांचे तपशील एकमेकांत मिसळतात. हे मान्य करूनच पुढे जायला हवे, कारण टणक कॅमेऱ्याच्या जाहिराती ही गोष्ट सांगत नाहीत.

मात्र मोठ्या संवेदकाच्या लहान कॅमेऱ्याला दिलेल्या किमतीपलीकडे आणखी एक किंमत मोजावी लागते. एवढा संवेदक एवढ्या पातळ पेटीत बसवायचा तर भिंग दुमडून आत घ्यावे लागते आणि कॅमेरा सुरू करताना ते नळीसारखे पुढे यावे लागते. प्रत्येक वेळी नळी पुढे येताना बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि त्या हवेबरोबर उन्हाळ्यात वाटेवरची लाल माती तर पावसाळ्यात बाष्प आत जाते. जीआर थ्रीला पाण्यापासून कोणतेही संरक्षण दिलेले नाही. टीजी-७ मध्ये झूमची सारी हालचाल कॅमेऱ्याच्या पोटात होते, पुढची काच जागची हलत नाही, आणि म्हणूनच पेटी कायम बंद ठेवता येते. टिकाऊपणा जाड रबरी कवचातून येतो असे आपल्याला वाटते. माझ्या मते त्याहून मोठा वाटा या न हलणाऱ्या काचेचा आहे.

खिशातला फोन आहेच की, असे कुणी म्हणेल, आणि कोरड्या दिवशी मीही त्याला होकार देईन. आजचे चांगले फोन अनेक चित्रे एकत्र करून जे साधतात, ते लहान संवेदकाच्या कॅमेऱ्याला एका चित्रात साधत नाही. पण पावसात स्पर्शपडद्यावर पाण्याचे थेंब बसले की त्याला बोट आणि थेंब यांतला फरक कळेनासा होतो, आणि ओल्या, सुरकुतलेल्या बोटांनी तो हवा तसा चालत नाही. शिवाय गडावरून खाली कुणाला निरोप द्यायचा झाला, वाट चुकली, कुणाचा पाय मुरगळला, तर फोनमध्ये शिल्लक असलेली बॅटरी हाच मोठा आधार असतो. ती छायाचित्रांवर खर्च होऊ नये, असे मला फार मनापासून वाटते.

लहान संवेदकाची एक बाजू मात्र अशी आहे की तिच्यासाठी मी तो कॅमेरा आनंदाने उचलते. श्रावण-भाद्रपदात घाटमाथ्यावरच्या सड्यांवर, कासच्या जांभ्या पठारावर, जिथे मातीचा जेमतेम बोटभर थर असतो, तिथे सीतेची आसवे उमलतात. निळसर जांभळे, सेंटिमीटरभराचे फूल, केसासारख्या बारीक देठावर वाऱ्याने सतत थरथरत असते. ही कीटकभक्षी वनस्पती आहे, आणि तिचे सूक्ष्म फुगे ओल्या मातीत किंवा पाण्यात दडलेले असतात. मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्याने हे फूल टिपायचे तर अगदी जवळून टिपणारे वेगळे मॅक्रो भिंग लागते, आणि तेव्हाही फुलाचा एखादाच भाग रेखीव येऊन बाकीचा धूसर होतो. टीजी-७ सारख्या कॅमेऱ्याच्या भिंगाची खरी नाभीय लांबी (फोकल लेंग्थ) रुंद टोकाला ४.५ मिलिमीटर आणि लांब टोकाला १८ मिलिमीटर इतकी कमी आहे, त्यामुळे पुढचे-मागचे बरेच काही एकदम रेखीव येते, आणि काचेपासून एक सेंटिमीटर अंतरावरची वस्तूही तो रेखीव दाखवतो. फुलाच्या पाकळीवरच्या शिरा, त्यावर बसलेला पाण्याचा थेंब आणि त्या थेंबात उलटे पडलेले आकाश, एवढे सगळे एका चित्रात येते.

कंदीलपुष्पाच्या बाबतीत हा गुण आणखी उपयोगी पडतो. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणाऱ्या या वनस्पतीच्या काही जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. फूल म्हणजे एक उभी नळी असते. माशी वरून आत शिरते, आतल्या केसांमुळे तिला लगेच बाहेर पडता येत नाही, आणि केस सुकले की ती परागकण घेऊन सुटते. नळीच्या तोंडातून आत पाहायचे तर प्रकाश हवा. टीजी मालिकेसाठी भिंगाभोवती बसवायचे एक कडे मिळते, जे कॅमेऱ्यातल्याच छोट्या दिव्याचा प्रकाश गोलाकार पसरवते. त्याला वेगळी बॅटरी लागत नाही. अशा प्रकाशात ते केस एकेक करून मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. या कॅमेऱ्याचा पडदा वळत नाही, ही मात्र खरी उणीव आहे. पडदा पाहण्यासाठी सड्यावर आडवे पडावे लागते, आणि आडवे पडणारा माणूस एका फुलासाठी शेजारची शंभर फुले चिरडतो. म्हणून मी उघड्या कातळाच्या कडेला असलेलेच फूल निवडते आणि हात लांब करून, पडदा न पाहता, चार-सहा चित्रे घेते. एखादे जमते. न जमल्यास फूल जागेवर राहिलेले असते.

पाण्यात चालणारा कॅमेरा घेतला की पावसाची चिंता मिटली, असेही नाही. पाणी आत जात नाही, पण ते काचेवर बसतेच. जी कमी नाभीय लांबी फुलाला उपकारक ठरते, तीच काचेवरचा थेंबही चित्रात उतरवते, आणि रतनगडाच्या नेढ्यातून, म्हणजे कातळातल्या आरपार भोकातून, घेतलेल्या सुंदर चित्राच्या मधोमध एक धुरकट डाग येतो. उपाय साधा आहे, पण तो पाळावा लागतो: जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलीचा तुकडा छोट्या झिपलॉकमध्ये ठेवायचा, आणि तो चेहरा पुसायला, चष्मा पुसायला, कुणालाही द्यायचा नाही. काच नेहमी खाली झुकवून धरायची, चित्र घ्यायच्या क्षणीच वर करायची. टोपीचा पुढचा काठ भिंगावर छपरासारखा धरला तर एका सरीत दोन-तीन चित्रे कोरड्या काचेने मिळतात.

बाष्पाची गोष्ट याहून अवघड आहे, कारण ते दिसत नाही. मुंबई-पुण्याहून वातानुकूलित गाडीने घाटात पोहोचून थंड झालेला कॅमेरा बाहेर काढला की काच क्षणात धुरकटते. हे बाहेरचे धुके असते, पाच-दहा मिनिटांत जाते. आतले धुके तसे जात नाही. हवाबंद कॅमेऱ्याचे बॅटरीचे दार आपण पावसात, शंभर टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडले, तर ती हवा दार बंद करताना आत कोंडली जाते, आणि पुढे ओढ्याच्या थंड पाण्यात कॅमेरा बुडवला की तिच्यातले बाष्प भिंगाच्या आतल्या बाजूला जमते. म्हणून कार्ड रिकामे आणि बॅटरी पूर्ण भरलेली, हे घरूनच करून निघावे. बॅटरी बदलायचीच झाली तर गावातल्या घरात, चुलीपासून फार लांब नसलेल्या कोपऱ्यात, हात कोरडे करून बदलावी. दाराच्या आतली रबरी पट्टी त्या वेळी बोटाने चाचपून पाहावी. तिच्यावर आडवा पडलेला एकच केस किंवा वाळूचा एकच कण पाण्याला वाट करून देण्यास पुरेसा असतो. रबर वयाबरोबर कडक होते. ही पट्टी दरवर्षी बदलून घ्यावी, आणि ती मृगाच्या आधी बदललेली बरी.

आयपी क्रमांकाविषयी आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पाण्यात बुडवण्याची चाचणी आणि जोरदार झोताची चाचणी या स्वतंत्र आहेत. स्थिर पाण्यात बुडून टिकणारे उपकरण धबधब्याच्या धारेखाली टिकेलच, असे त्या आकड्यावरून ठरत नाही. धबधब्याच्या तुषारांत कॅमेरा खुशाल धरावा. थेट धारेखाली धरण्याचा मोह टाळावा. आणि हा कॅमेरा पाण्यावर तरंगत नाही, म्हणून ओढे ओलांडायचे असतील तर मनगटाला तरंगणारा पट्टा असू द्यावा. रंगाची निवड असेल तर मी लाल घेण्याचा आग्रह धरीन, कारण कारवीच्या रानात पडलेला काळा कॅमेरा शोधणे फार कठीण जाते.

घरी आल्यावरची काळजी तितकीच महत्त्वाची आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण भिंगावर बुरशी धरायला तिथे राहावे लागत नाही. कोकणातले किंवा मुंबईतले जुलैमधले बंद कपाट पुरते. कॅमेरा गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या मण्यांसह ठेवावा, आणि निळे मणी गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घ्यावेत. हा तवा स्वयंपाकाचा नसावा. चामड्याच्या किंवा कापडी पाउचमध्ये कॅमेरा कधीही साठवू नये, कारण ती पाउच आठवडाभर ओल धरून ठेवते.

सह्याद्रीत प्रकाशमापनही फसवे असते. कॅमेऱ्याचा मापक सगळ्या दृश्याला मध्यम करडे समजून चालतो, त्यामुळे धुक्याचा पांढरेपणा मळकट येतो आणि उन्हातला काळा बसाल्ट फिकट राखाडी होतो. धुक्यात प्रकाश दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवणे आणि काळ्या कातळासमोर तितकेच कमी करणे, हे मेनूत न शिरता एका बटणाने जमले पाहिजे. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात चित्र साठवता आले तर नंतर दुरुस्तीला वाव राहतो. टणक कॅमेऱ्यांमध्ये ही सोय दुर्मीळ आहे. टीजी मालिकेत ती २०१५ च्या टीजी-४ पासून आली, आणि माझ्या दृष्टीने त्या मालिकेला पसंती देण्याचे हे मोठे कारण आहे.

निवडीला वाव फार राहिलेला नाही, याचे मला वाईट वाटते. २०१० साली जगभरात १० कोटींहून अधिक लहान डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये तो आकडा २० लाखांच्याही खाली होता. निकॉनचा टणक डब्ल्यू ३०० बंद झाला, इतरांनीही या वाटेवरून पाय मागे घेतला. साहजिकच लोक जुने कॅमेरे शोधतात. जुना जीआर किंवा जुना आरएक्स १०० नीट तपासून घ्यायला माझी हरकत नाही. जुना टणक कॅमेरा मात्र ज्याची रबरी पट्टी बदलून मिळणार असेल तोच घ्यावा, कारण त्याची सारी पुण्याई त्या पट्टीवर आहे, आणि ती आधी किती वर्षे उन्हात तापली हे बाहेरून कळत नाही.

माझा हा सारा कल जून ते सप्टेंबर या काळाकडे झुकलेला आहे, आणि तो तसा असणे मला योग्य वाटते, कारण सह्याद्रीचे भटके त्याच काळात सर्वाधिक बाहेर पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगाल-नेपाळ सीमेवरच्या सांदकफूला, ३६३६ मीटरवर, पहाटे कांचनजंगेवर पहिला प्रकाश पडताना पाहायला जाणाऱ्याला मी वेगळा सल्ला देईन. तिथे पाऊस नसतो, प्रकाश मंद असतो, दृश्य दूर आणि स्थिर असते. तिथे मोठा संवेदकच हवा. थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली बॅटरीही रिकामी असल्यासारखी वागते, म्हणून राखीव बॅटरी हिलरींच्या कॅमेऱ्याप्रमाणे अंगाशी, आतल्या कपड्यात ठेवावी आणि रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्यावी.

आणि दुकानात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. आपली रोजची सॅक पाठीला लावून जावे, पट्ट्यावर पाउच बसवून पाहावी, पाण्याच्या बाटलीतून बोटे ओली करून घ्यावीत, आणि डाव्या हाताने टेबलाची कड धरून फक्त उजव्या हाताने कॅमेरा काढणे, सुरू करणे, प्रकाश एक स्टॉप वाढवणे, चित्र घेणे आणि परत ठेवणे, एवढे करून पाहावे. बहुतेक दुकानदार हे करू देतात. सुरू करण्याचे बटण ओल्या बोटाला सापडत नसेल, झूमची कळ आणि शटर यांची गल्लत होत असेल, किंवा परत ठेवताना झाकण एका हाताने लागत नसेल, तर दुसरा नमुना दाखवायला सांगावे.